७२ सहाच्या पाढ्यात नाही, मग ती ६ ची पट कशी?

सांगलीची_आई

नमस्कार. मुलगी पाचवीत आहे, सेमी इंग्रजीला. पाढे चोख आहेत, पंधरापर्यंत कुठेही न अडखळता म्हणते. काल शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात प्रश्न होता: खालीलपैकी ६ च्या विभाज्य संख्यांना गोल करा. १६, ४२, ५६, ७२, ९६, १०६. तिने फक्त ४२ ला गोल केला.

७२ का सोडलीस, असं विचारलं तर म्हणाली, "सहाचा पाढा साठला संपतो ना आई. ७२ तर बाराच्या पाढ्यात आहे." मी भागाकार करून दाखवला, बाकी शून्य आली, तिने मान डोलावली. अर्ध्या तासाने ८४ विचारली तर पुन्हा तेच उत्तर.

दुसरा गोंधळ शब्दांचा आहे. शाळेच्या पुस्तकात मल्टिपल, शिष्यवृत्तीच्या पुस्तकात विभाज्य, मी पट म्हणते आणि सासूबाई 'पाढ्यातली संख्या' म्हणतात. विभाज्य आणि विभाजक यांची ती सारखी अदलाबदल करते. पुढचे लसावि (लहानांत लहान सामाईक विभाज्य), मसावि (मोठ्यांत मोठा सामाईक विभाजक), अपूर्णांकांची बेरीज हे सगळं यावरच उभं आहे, त्यामुळे नुसते मार्क मिळण्यापुरतं नको, तिला ते नीट कळायला हवं आहे. तुम्ही मुलांना हे कसं सांगता?

झेडपी_शिक्षिका

ताई, तुमची मुलगी चुकली ती विचार करून चुकली. पाढा दहाला थांबतो आणि आपण तिला कधीच सांगितलेलं नसतं की थांबायचं आपण ठरवलंय, संख्यांनी नाही. दरवर्षी माझ्या वर्गात निम्मी मुलं हेच म्हणतात.

मी चिंचोक्यांपासून सुरू करते. ओंजळभर चिंचोके द्यायचे, मोजायचे नाहीत. एका ओळीत सहा, खाली पुन्हा सहा, असं मांडत जायचं. शेवटची ओळ पुरी भरली तर ती ६ ची विभाज्य. शेवटच्या ओळीत दोन-तीनच उरले तर नाही. दहा ओळी झाल्या की मुलं थबकतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "चिंचोके संपले का? नाही ना? मग मांडा की!" अकरावी ओळ ६६, बारावी ७२. जमीन आणि चिंचोके पुरेपर्यंत ओळी वाढत राहतात हे एकदा हाताने केलं की 'पाढा संपला' हे वाक्य परत ऐकू येत नाही.

भागाकार नंतर दाखवा. भागाकाराने उत्तर बरोबर आहे हे पटतं, पण संख्या तिथे कशी पोचली ते दिसत नाही.

शब्दांबद्दल सांगायचं तर जोडीनेच बोलायचं. एकटं 'विभाज्य' कधी म्हणायचं नाही. "७२ ही ६ ची विभाज्य, ६ हा ७२ चा विभाजक." भाग देणारा तो विभाजक, भाग जाणारी ती विभाज्य. ६ चे विभाजक चारच: १, २, ३, ६. विभाज्य मात्र कधी न संपणारे. आणि ६ स्वतः दोन्हीकडे आहे, हे मुलांना फार आवडतं.

निवृत्त_कारकून

सांगलीच्या ताई, तुमच्या सासूबाईंना फक्त "९६ कशात येतात?" एवढं विचारा. त्या क्षणात "सोळा सक शहाण्णव" म्हणतील. आमची पिढी तीसपर्यंत पाढे म्हणायची, शिवाय अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या उजळणीतच, म्हणजे पाढ्यांच्या पुस्तकातच आहे. पाढे उभ्या रकान्यांत छापलेले असतात आणि आपण वरून खाली वाचतो. तिला सहावी ओळ आडवी वाचायला सांगा. बे सक बारा, तीन सक अठरा, चार सक चोवीस, पाच सक तीस... दहा सक साठ, अकरा सक सहासष्ट, बारा सक बाहत्तर, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, चौदा सक चौऱ्याऐंशी... सरळ तीस सक एकशे ऐंशीपर्यंत. सहाचा पाढा साठला संपतो, 'सक' मात्र प्रत्येक पाढ्यात आहे. तिला पंधरापर्यंत येतात ना? मग ६ च्या पटी नव्वदपर्यंत तिला आत्ताच पाठ आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या पाढ्यांत विखुरल्या आहेत.

सांगलीची_आई

काका, अंगावर काटा आला वाचताना. आत्ता उठून उजळणी काढली. इतक्या वर्षांत ती ओळ मी आडवी कधी वाचली नव्हती. सासूबाईंना ९६ विचारले. भाजी निवडता निवडता, वर न बघता, "सोळा सक."

पट_आणि_दीडपट

एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण माझ्या मुलाचं गाडं इथेच अडलं होतं. 'पट' हा आपला रोजचा शब्द आहे, पण तो फार सैल आहे. आपण दुप्पट, तिप्पट, चौपट म्हणतो तसं दीडपट, सव्वापट, अडीचपटही म्हणतो. मुलाने विचारलं, "९ ही ६ ची दीडपट आहे ना? मग ती ६ ची पट झाली की!" त्याचं मराठी शंभर टक्के बरोबर होतं.

मग त्याला नियम सांगितला: गणितात इथे पट म्हणजे पूर्ण पट. सहा एकदा, दोनदा, तीनदा, पूर्ण वेळा घ्यायचे, दीड वेळा नाही. चिंचोक्यांत सांगायचं तर दीड ओळ चालत नाही. म्हणूनच पुस्तकं 'विभाज्य' लिहितात असं मला वाटतं. निःशेष भाग जातो की नाही या कसोटीत दीडपट आपोआप गळून पडते.

अजून एक जवळजवळ सारखं दिसणारं जोडपं: 'सहापट' आणि '६ ची पट'. २४ ही ४ ची सहापट आहे, आणि २४ ही ६ ची पटही आहे. दोन्ही खरं. पण पहिल्या वाक्यात ६ म्हणजे किती वेळा, दुसऱ्यात ६ म्हणजे कुणाची. मुलांना हे आपोआप कळेल असं धरून चालू नका, एकदा थांबून सांगा.

बोलण्यातला सगळ्यात नेमका प्रयोग 'पटीत' हा आहे. एटीएमवर "रक्कम १०० च्या पटीत भरा" असं येतं. तिथे १५० टाकले तर यंत्र नाही म्हणतं, १५० ही शंभरची दीडपट असली तरी. मुलाला एकदा बरोबर नेलं आणि १५० टाकून दाखवले. त्या दिवसापासून दीडपटीचा प्रश्न आला नाही.

झेडपी_शिक्षिका

एटीएमचं उदाहरण उद्या वर्गात वापरते. धन्यवाद!

शून्यापासून

यादी ६ पासून सुरू होते असं सगळे लिहीत आहेत. ६ ची पहिली पट ० आहे. सहा शून्य वेळा घेतले तर शून्य, आणि ० ला ६ ने भागलं तर बाकी शून्यच. म्हणजे ० ही प्रत्येक संख्येची विभाज्य आहे.

सांगलीची_आई

हे तिला सांगू का? पेपरात "६ चे पहिले पाच विभाज्य लिहा" आलं आणि तिने ० पासून सुरुवात केली तर?

झेडपी_शिक्षिका

शून्यवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण शाळेत विभाज्यांची यादी त्या संख्येपासूनच लिहितात, म्हणून पेपरात ६, १२, १८, २४, ३० असंच लिहू दे. घरी मात्र ० चं खरं सांगून टाका. सांगण्याची जागाही आहे. लसावि काढताना आपण दोघांच्या सामाईक पटींतली सर्वांत लहान शोधतो. ० धरला तर कोणत्याही दोन संख्यांचा लसावि ० च येईल आणि त्याचा उपयोग काही नाही. म्हणून तिथे ० बाजूला ठेवतात. ० पट नसते म्हणून नव्हे. पाचवीचं मूल हे सहज समजतं.

शून्यापासून

मान्य. मग एक पुढचं पाऊल सांगतो, मला ते या सगळ्यात सर्वांत कामाचं वाटतं. ६ च्या दोन पटींची बेरीज ही ६ चीच पट असते, वजाबाकीही. चिंचोक्यांच्या पुऱ्या ओळींखाली पुऱ्या ओळी मांडल्या तर सगळ्या पुऱ्याच राहणार.

म्हणून ९६ ला भागायची गरज नाही. ९६ म्हणजे ६० आणि ३६. दोन्ही पाढ्यात आहेत, झालं. ८४ म्हणजे ६० आणि २४. १०६ म्हणजे ६०, ४२ आणि वर ४, म्हणून नाही. अनेक जण ९१ ला मूळ संख्या समजतात, पण ९१ म्हणजे ७० आणि २१, दोन्ही ७ च्या पटी.

विभाज्यतेच्या कसोट्या पाठ करायला लावतात, त्यांच्या मागेही हेच आहे. ४ ची कसोटी फक्त शेवटचे दोन अंक का बघते? कारण १०० ही ४ ची पट आहे, म्हणून शेकडे कितीही असोत, ते पुऱ्या ओळींत बसलेलेच. ५७३६ मध्ये ५७०० कडे बघायचंच नाही, ३६ बघायचे. ८ ला १०० पुरत नाहीत, १००० लागतात, म्हणून तीन अंक. ९ ची कसोटी त्याहून सुंदर आहे. १० म्हणजे ९ आणि १, १०० म्हणजे ९९ आणि १. प्रत्येक दहातून ९ काढले की १ उरतो, प्रत्येक शंभरातून ९९ काढले की १ उरतो. ४३२ मधून काढण्यासारखं काढून टाकलं की ४, ३ आणि २ उरतात, बेरीज ९. अंकांची बेरीज करायची ती यासाठी.

दोन_सुलट_दोन_उलट

मी शिक्षिका नाही, विणकाम करते. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याची सुरुवात याच शब्दाने होते: "टाके ६ च्या पटीत, अधिक २." नमुना सहा टाक्यांनी पुन्हा येतो आणि कडेला दोन टाके लागतात. म्हणजे ८, १४, २०, २६... कितीही रुंद करा, पण या संख्यांपैकीच एक घ्या.

भाचीला हे शिकवताना मी साधी बॉर्डर घेतली, दोन सुलट दोन उलट. चार टाक्यांनी नमुना फिरतो. तिने आवडले म्हणून ४१ टाके घातले. ओळीच्या शेवटी एक टाका उरला. मी काही बोलले नाही. परतीच्या ओळीत सुलटाच्या जागी उलट यायला लागले आणि उभ्या रेघा मोडल्या. बोटाने चाचपून ती म्हणाली, "एक जास्त झाला." उसवलं, ४० घातले. रेघा जुळल्या, पण मफलरची एक कड सुलट, दुसरी उलट. गोल टोपी असती तर ४० च बरोबर, कारण तिथे शेवट सुरुवातीला जाऊन मिळतो. मफलरच्या दोन्ही कडा सारख्या हव्यात तर ४ च्या पटीत अधिक २. तिने स्वतः हिशोब केला, ४२. ज्या मुलीला भागाकारातली बाकी म्हटलं की रडू यायचं, तिने बाकी २ हवी म्हणून मुद्दाम ठेवली.

ठेका

लसाविचा विषय निघालाय तर तबल्यातलं सांगतो. त्रिताल १६ मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा. १६ मात्रांची एक फेरी म्हणजे आवर्तन आणि तिची पहिली मात्रा म्हणजे सम. लेहरा, म्हणजे साथीची फिरती धून, चालू आहे आणि मी सात मात्रांचा एक तुकडा समेपासून सुरू करून सलग वाजवतो. पहिल्या आवर्तनात तुकडा दोनदा होतो आणि तिसऱ्याच्या दोन मात्रा झाल्या की सम येते. पुढच्या समेला तुकड्याची वेगळीच मात्रा हाताखाली असते. तुकड्याची सुरुवात पुन्हा नेमकी समेवर कधी येणार? ७ ची आणि १६ ची सामाईक पट येईल तेव्हा. ११२ मात्रांनंतर, तुकडा सोळा वेळा आणि आवर्तनं सात.

तोच तुकडा सहा मात्रांचा असता तर ४८ मात्रांत, तीन आवर्तनांत सम गाठली असती. सात सहाहून एकानेच मोठा, पण वाट दुपटीहून लांब. कारण ६ आणि १६ मध्ये २ हा विभाजक सामाईक आहे, ७ आणि १६ मध्ये १ सोडून काहीच नाही. मुलीला टाळी देत करायला लावा, ६ आणि ४ घेऊन. तुम्ही चारवर टाळी द्या, तिने सहावर. दोघींची टाळी बाराव्याला एकत्र पडते. तिला वाटेल चोवीसला पडेल.

इलिनॉयकर

ठेका यांनी लिहिलेलं वाचून आमच्याकडची २०२४ ची गोष्ट आठवली. इथे सिकाडा नावाचे कीटक आहेत. काही टोळ्या १३ वर्षं जमिनीखाली वाढून एकदम बाहेर येतात, काही १७ वर्षं. २०२४ मध्ये १३ वर्षांची एक मोठी टोळी आणि १७ वर्षांची एक टोळी आमच्या इलिनॉयमध्ये एकाच वसंतात वर आली. याच दोन टोळ्या आधी एकत्र आल्या होत्या १८०३ मध्ये, आणि पुढे येतील २२४५ मध्ये. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ वर्षं. दोन्ही मूळ संख्या, सामाईक विभाजक फक्त १, म्हणून पूर्ण गुणाकार लागतो. १२ आणि १८ असते तर दर ३६ वर्षांनी भेटले असते. झाडांखाली सालपटांचा खच होता आणि फोनवर बोलता येणार नाही इतका आवाज.

निवृत्त_कारकून

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी तिसरीत होतो. पटीत बसणं आणि न बसणं म्हणजे काय, ते मी दुकानात शिकलो, म्हणून लिहितो.

आधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. मग रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १०० ला १६ ने निःशेष भाग जात नाही. एका आण्याचे सव्वासहा पैसे येतात आणि पाव पैशाचं नाणं नाही. म्हणून तक्ता लागला: १ आणा म्हणजे ६ नवे पैसे, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. जुने दोन आणे देऊन काही घेतलं तर ते १२ पैशांचे धरायचे. पुन्हा दोन दिले, पुन्हा १२. एकदम चार दिले तर २५. एक पैसा मध्येच कुठे गेला, याचं मला नऊ वर्षांच्या वयात मनापासून वाईट वाटायचं.

फक्त ४ च्या पटीतले आणे नेमके बसायचे. ४ आणे २५, ८ आणे ५०, १२ आणे ७५, १६ आणे १००. म्हणून 'चार आणे', 'आठ आणे', 'बारा आणे' हे शब्द आण्यानंतरही कितीतरी वर्षं तोंडात राहिले आणि 'तीन आणे', 'पाच आणे' विरून गेले, असं माझं मत आहे. चार आण्याचं, म्हणजे २५ पैशांचं नाणं तर जून २०११ पर्यंत चलनात होतं.

सांगलीची_आई

चार दिवसांनी लिहितेय. चिंचोके मिळाले नाहीत, शेंगदाणे घेतले. बाराव्या ओळीशी ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ७२ दोघांची आहे? सहाचीपण आणि बाराचीपण?" मी हो म्हटलं. मग तिनेच मोजलं, ओळी बाराच्या केल्या, सहा ओळी. आठच्या केल्या, नऊ ओळी. एकच ढीग.

उजळणीतली 'सक'ची ओळ आजीने म्हटली आणि तिने लिहिली, १८० पर्यंत. आजी थांबली, ही थांबली नाही. १८६, १९२, १९८. १९२ वर पेन्सिल टेकवून म्हणाली, "आई, हे तर त्या आजोबांच्या रुपयाच्या पै!" मी तिला तुमचा प्रतिसाद आदल्या दिवशी वाचून दाखवला होता.

मग विचारते, १०० ही ६ ची पट आहे का? तिनेच बघितलं, ९६ आणि १०२, मध्ये १०० नाही. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आता एक रुपया सहा जणांत सारखा वाटता येत नाही आणि तेव्हा यायचा." वहीत १९२ भागिले ६ केलं, ३२ पै आल्या. त्याचे आणे करून तिने लिहिलंय: दोन आणे आठ पै. काका, बरोबर आहे का, हे तुम्हाला विचारायला सांगितलंय तिने.

निवृत्त_कारकून

अगदी बरोबर. आम्ही ते वहीत असं मांडायचो: ०-२-८. पहिल्या घरात रुपये, मग आणे, मग पै. तिला म्हणावं, आता तिघांत वाटून बघ आणि तसंच तीन घरांत लिहून पाठव.